'सॅम्बोज'चा फेटेवाला पोरगा आणि आपल्या हॉटेलांचे लोगो

अमेरिकेत एकेकाळी 'सॅम्बोज' नावाची हॉटेलं होती. हॉटेलं म्हणजे आपल्या अर्थाने, खाण्याची. सकाळी पॅनकेकचा नाश्ता, दहा सेंटात कॉफी, पोराबाळांना घेऊन जावं आणि पोटभर खाऊन यावं अशी. १९७९च्या सुमारास त्यांच्या १,१०० हून जास्त शाखा होत्या. आणि त्यांच्या मेनूकार्डावर, भिंतींवर, जाहिरातींत कोण होतं माहितीये? फेटा बांधलेला एक भारतीय पोरगा आणि त्याच्याभोवती वाघ.

आज ती हॉटेलं नाहीत. ती का आठवली ते सांगतो. आमच्या रायगडात, पनवेल ओलांडून कर्जत-नेरळकडे निघालात की 'थीम' हॉटेलांचं पेव फुटलेलं दिसेल. गावरान थीम, पेशवाई थीम, जंगल थीम, इराणी कॅफे थीम. प्रत्येकाला लोगो हवा असतो आणि का कोण जाणे, लोगोत माणूसच हवा असतो. मिशीवाला, नऊवारीतली, भालेवाला. पाटी मराठीत हवी म्हणून आपल्याकडे केवढं रान उठलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३मध्ये कोर्टाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. चांगलंच झालं. पण पाटीवरच्या चित्रातला माणूस कोण आहे, हे विचारायला कुणाला सवड नाही. सॅम्बोजवाल्यांनाही नव्हती.

गंमत म्हणजे या अमेरिकन लोगोचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो. हेलन बॅनरमन नावाची एक स्कॉटिश बाई नवऱ्याबरोबर भारतात राहत होती. नवरा विल्यम बॅनरमन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला तेव्हा हाफकिनने १८९७मध्ये लस काढली, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच आजची हाफकिन संस्था. हाफकिननंतर या प्रयोगशाळेची सूत्रं ज्याच्या हातात गेली तो हा बॅनरमन. त्याच्या आधी हे कुटुंब मद्रासकडे होतं. १८९८मध्ये थंड हवेच्या ठिकाणी ठेवलेल्या आपल्या दोन मुलींसाठी हेलनबाईंनी लांबच्या रेल्वेप्रवासात एक गोष्ट लिहिली, चित्रंही स्वतःच काढली. पुढच्या वर्षी लंडनला ती 'लिटल ब्लॅक सॅम्बो' या नावाने पुस्तक म्हणून निघाली.

गोष्ट अशी: सॅम्बो नावाचा मुलगा नवे कपडे, नवे जोडे घालून, छत्री घेऊन जंगलात निघतो. वाघ एकामागून एक येतात, 'तुला खातो' म्हणतात, आणि तो प्रत्येकाला एकेक वस्तू देऊन जीव वाचवतो. मग वाघांमध्येच भांडण लागतं. एकमेकांच्या शेपट्या धरून झाडाभोवती इतक्या वेगाने फिरतात की वितळून त्यांचं तूप होतं. तूपच! बाईंनी इंग्रजीत सरळ 'घी' असं लिहिलंय. त्या तुपात आई पॅनकेक करते आणि पोरगा १६९ पॅनकेक खातो.

मुलांना ही गोष्ट आवडली यात नवल नाही. पोरगा धीट आहे, हुशार आहे, वाघांना पुरून उरतो. पण बघा, वाघ भारतातले, तूप भारतातलं, आणि पोराचं नाव, आईबापांची 'मम्बो-जम्बो' ही नावं, चेहऱ्यांची चित्रं मात्र भारतातली नाहीत. त्या काळच्या विलायतेत काळ्या माणसाचं जे व्यंगचित्र डोक्यात पक्कं बसलेलं होतं, जाड ओठ, बटबटीत डोळे, तेच बाईंच्या कुंचल्यातून उतरलं. त्यांच्या मनात वाईट काही नसावं असं मला वाटतं. पण हक्काच्या बाबतीत त्यांचा घात झाला. कॉपीराइट विकू नका असं त्यांनी बजावलं होतं, तरी लंडनमध्ये तो अवघ्या पाच पौंडांत विकला गेला. पुस्तकावर त्यांचा ताबा राहिला नाही. अमेरिकेत ज्याला वाटेल त्याने आपापल्या चित्रकाराकडून चित्रं काढून घेऊन आवृत्त्या काढल्या आणि त्यातल्या अनेकांत सॅम्बो भारतातून उचलून थेट कापसाच्या मळ्यात नेऊन ठेवला.

आता 'सॅम्बो' हा शब्द. अमेरिकेत तो कुणा एका मुलाचं नाव नव्हता. काळ्या पुरुषाला, तो साठ वर्षांचा असला तरी, हाक मारायचा शब्द होता. आळशी, हसरा, मालकाला खूश ठेवणारा, कधीच मोठा न होणारा, असा नाटक-तमाशांतून रंगवलेला गुलाम म्हणजे सॅम्बो. गोऱ्या मुलांनी पुस्तक वाचलं की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या काळ्या मुलाला ते नाव चिकटायचं. १९३०च्या दशकातच लँगस्टन ह्यूजसारख्या कवीने या पुस्तकावर टीका केली होती. म्हणजे तक्रार नवी नव्हती, आणि 'तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं' असं म्हणायलाही जागा नाही. ज्यांना वाटत होतं त्यांना कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

या पार्श्वभूमीवर १९५७ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे समुद्रकिनाऱ्यालगत पहिलं 'सॅम्बोज' उघडलं. मालक दोघं: सॅम बॅटिस्टोन आणि नेवेल बोनेट. सॅमचा 'सॅम' आणि बोनेटचा 'बो', झालं 'सॅम्बो'. नाव कुठून आलं विचारलं की ते हेच सांगायचे, आणि ते खरंही होतं. पण एवढ्यावर ते थांबले असते तर मी हे लिहिलं नसतं. नाव जुळलं म्हटल्यावर त्यांनी अख्खी गोष्टच हॉटेलात आणली. भिंतींवर पोरगा आणि वाघ, मेनूत पॅनकेक, लहान मुलांसाठी वाघांचा क्लब. धंद्याच्या हिशेबाने बघितलं तर थीम हॉटेल कसं करावं याचा हा वस्तुपाठच. आधीच घराघरात माहीत असलेली गोष्ट घ्यायची, म्हणजे लोगो समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावरून साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतलं पोरगंसुद्धा ओरडतं, 'बाबा, वाघ!'

आणि मग साठच्या दशकात एक बदल झाला. मला या सगळ्या कहाणीत सर्वात बोलका वाटतो तो हाच. वातावरण तापत होतं. नागरी हक्कांच्या चळवळीत काळे विद्यार्थी हॉटेलांच्या काउंटरवर जाऊन बसत होते, 'आम्हालाही इथे वाढा' म्हणत होते. अशा वेळी सॅम्बोजने काय केलं? चित्रातल्या पोराचा रंग उजळवला. त्याला रत्नं लावलेला फेटा घातला. हा काळा पोरगा नव्हेच, हा तर हिंदुस्थानातला राजकुमार! नाव तेच, गोष्ट तीच, वाघ तेच. ज्यांना नाव बोचत होतं त्यांना चित्रातून काढून टाकलं आणि त्यांच्या जागी तक्रार करायला तिथे हजर नसलेला माणूस आणून बसवला. म्हणजे आपला. अमेरिकेत तेव्हा भारतीय होते तरी किती! ज्याच्याकडून विरोध होणार नाही त्याचा चेहरा लोगोला लावायचा, ही युक्ती तेव्हा चालून गेली.

कॅलिफोर्नियात चालून गेली असं म्हणू. सत्तरच्या दशकात कंपनी ईशान्येकडच्या राज्यांत शिरली आणि तिथे गाडं अडलं. काही गावांनी ठराव केले, काहींनी या नावाने परवानगीच नाकारली, खटले झाले. त्या ठिकाणी कंपनीने 'जॉली टायगर' नावाने हॉटेलं उघडली. १९८१मध्ये आणखी काहींचं नाव 'नो प्लेस लाइक सॅम्स' केलं. लोगो बदलणं म्हणजे एक पाटी बदलणं नसतं हे तेव्हा त्यांना कळलं असेल. पाटी, मेनूकार्ड, कप, गणवेश, भिंती, मुलांना वाटायच्या वस्तू, कॉफीची लाकडी टोकनं, सगळ्यावर तो बसलेला. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि वर्षभरात पहिलं सांता बार्बराचं हॉटेल सोडून सगळी साखळी संपली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपनी नावामुळेच बुडाली असं बरेच जण लिहितात, तेवढं सोपं ते नाही. सॅम्बोजमध्ये मॅनेजरला आपल्या हॉटेलात पैसे घालून वाटा घेता यायचा, त्यामुळे तो मालकासारखा राबायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही पद्धत मोडली, चांगले मॅनेजर सोडून गेले, शाखा मात्र वाढतच होत्या. पाया खचत होता. अशा घराला बाहेरून धक्का बसायला वेळ लागत नाही, आणि नावाचा धक्का बाहेरून बसला.

ते एकुलतं उरलेलं हॉटेल पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्याच नावाने चालू राहिलं, ते एका कुटुंबाचं होतं म्हणून. २०२०च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मारला गेला, देशभर लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या दोनएक महिन्यांत ते नावही उतरलं. ते 'चॅड्स' झालं.

हे सगळं अमेरिकेचं झालं. 'आपल्याकडे असलं काही नसतं' असं कुणी म्हणेल, म्हणून खारघर. २००६चा ऑगस्ट महिना. खारघरमध्ये एक नवं हॉटेल उघडलं, नाव 'हिटलर्स क्रॉस'. आत हिटलरचं चित्र, पाटीवर नाझींचं स्वस्तिक. मालकाचं म्हणणं, लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी वेगळं नाव हवं होतं, हिटलरचा उदोउदो करायचा नव्हता. ज्यू समाजाने आक्षेप घेतला, इस्रायलच्या वकिलातीनेही घेतला, जगभर बातम्या झाल्या आणि थोड्याच दिवसांत नाव बदललं. स्वस्तिक तर आपलंच शुभचिन्ह, असा युक्तिवाद तेव्हाही ऐकला होता. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक वेगळं, ते कुणी मागितलं नव्हतं. पण ज्याच्या शेजारी हिटलरचं नाव लिहिलंय त्याला उंबऱ्यावरचं कसं म्हणणार?

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली होती. बातम्यांत ज्यू म्हणजे कुणी परके, इस्रायलचे, असा सूर होता. अहो, खारघर पनवेल तालुक्यात येतं. पनवेल शहरात एकोणिसाव्या शतकापासूनचं सिनेगॉग आहे. बेने इस्रायली म्हणजे आपले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. मराठी बोलणारे, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. सगळी याच जिल्ह्यातली गावं. हॉटेलपासून रिक्षाच्या अंतरावर ज्यांच्या प्रार्थनेची जागा, त्यांना कुणी विचारलं नाही, कारण ते थोडे उरलेत आणि शांत आहेत.

गेल्या महिन्यात कर्जतकडच्या एका होऊ घातलेल्या जंगल-थीम हॉटेलचा लोगो माझ्याकडे आला. 'काका, जरा मराठी अक्षरं तपासून द्या' एवढंच काम होतं. लोगो करणारा पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे, अक्षरं तर सुरेखच. मधोमध मात्र एक काळाकुट्ट माणूस, पानांचा झगा, केसांत हाड, हातात भाला, दात विचकलेले. मी म्हटलं, हा कोण? तो म्हणाला, 'अहो काका, हा आपल्याकडचा नाही, जनरल आदिवासी आहे.'

जनरल आदिवासी! ज्या जागेवर ते हॉटेल उभं राहतंय तिथून पाचेक मिनिटांवर कातकऱ्यांची वाडी आहे. भाला घेऊन तिथे कुणी फिरत नाही. पावसाळा संपला की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते, पोरांची शाळा तिथेच सुटते. या हॉटेलात भांडी घासायला, झाडलोट करायला बाया त्याच वाडीतून येणार, हे मालकाने आधीच ठरवलंय. आणि 'कातकरी' हा शब्द आमच्या शाळांच्या वर्गांत शिवीसारखा वापरलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. त्यात आता रस्त्यावर वीस फुटांचं चित्र लागणार. उद्या वाडीतली मुलगी कामावरच्या आईला डबा द्यायला आली, तर पाटीखालून जाताना तिच्या वर्गातला, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांबरोबर तिथे जेवायला बसलेला पोरगा तिला काय हाक मारेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी मुलाला एवढंच म्हटलं की हा माणूस काढ. दुसऱ्या दिवशी नवीन फाइल आली. माणूस तसाच. फक्त रंग उजळ केलेला, भाल्याला मोरपीस लावलेलं आणि दातांच्या जागी स्मितहास्य. मी त्याला फोन करून सॅम्बोजची गोष्ट सांगितली, तीच वर लिहिली आहे. तो हसला, मग गप्प झाला. तिसऱ्या फाइलमध्ये माणूस नव्हता. पळसाची तीन पानं आणि खाली हॉटेलचं नाव. मला विचाराल तर एका रंगात छापली तरी उठून दिसेल, दुरून ओळखू येईल, पत्रावळीपासून कागदी पिशवीपर्यंत कुठेही बसेल. मालकाचा निरोप आलाय, 'लोगो साधा वाटतो, यात जंगल कुठे आहे?'

उद्घाटन दसऱ्याला आहे. पाटी अजून रंगवायची आहे. मालकाला समजवायला मी आणि तो मुलगा रविवारी जातोय, वाडीतल्या दोन जाणत्या माणसांनाही बरोबर घेतोय. आपल्यापैकी कुणी हॉटेलवाले असतील आणि लोगो बदलून धंद्यावर काय परिणाम झाला याचा अनुभव असेल, तर शनिवारपर्यंत कळवा. मालक हिशेबाची भाषा लवकर ऐकतो.