गारगोटीची काटकसर

दिवाळीच्या पणत्यांत किती तेल गेले, याचा हिशेब जुन्या गृहिणी ठेवीत असत. विजेच्या रोषणाईत तसाच हिशेब ठेवणारी एक वस्तू आहे. पण ती लोखंडाच्या पोटात दडलेली असल्यामुळे तिचे नाव कोणी घेत नाही. ती म्हणजे वाळूतले आणि गारगोटीतले सिलिकॉन.

हे मूलद्रव्य १८२४ साली स्वीडनच्या बर्झेलियसने वेगळे केले. प्राणवायूशी त्याचे सख्य इतके, की निसर्गात ते एकटे सापडतच नाही. गारगोटी, कोक आणि लोखंड विजेच्या भट्टीत तापवले, की प्राणवायू कोळशाबरोबर निघून जातो आणि सिलिकॉन लोखंडाशी संयोग पावते. हेच फेरोसिलिकॉन. वितळलेल्या पोलादात ते टाकले, की उरलासुरला प्राणवायू ते ओढून घेते. आपल्या चंद्रपूरला तयार होणारे सिलिको-मँगनीज याच कुळातले.

वीज एका दाबावरून दुसऱ्या दाबावर नेणाऱ्या रोहित्राच्या गाभ्यात लोखंड असते. आपल्याकडे त्याचे चुंबकत्व सेकंदाला पन्नास आवर्तने करते. त्यामुळे लोखंडात विजेचे भोवरे उठतात, लोखंड तापते आणि वीज वाया जाते. इंग्लंडात शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने सिलिकॉन मिसळलेले पोलाद तयार केले. १९०० च्या सुमारास बॅरेट व ब्राऊन यांच्यासह त्याने त्याचे चुंबकीय गुण तपासले. शंभरात तीन भाग सिलिकॉन घातले, की लोखंड विजेला सुमारे चौपट विरोध करते आणि भोवरे मंदावतात. पुढे १९३४ साली अमेरिकेत नॉर्मन गॉसने पत्र्यातले स्फटिक एका दिशेस लावण्याची युक्ती काढली आणि नासाडी आणखी घटली.

या बचतीचे मोल डहाणूकरांना वेगळे सांगायला नको. १९९१ साली सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. तरी १९९५ साली येथे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र सुरू झाले. वीज निघाली मुंबईला; चिंता उरली चिकूच्या वाड्यांना आणि खाडीकाठच्या मच्छीमारांना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. धुरातील गंधक अडवणारे यंत्र बसायला मात्र २००७ साल उजाडले.

केंद्रातून मुंबईकडे निघणारी वीज रोहित्रांतूनच चढत्या दाबाने जाते. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येणारी लोकलही २५,००० व्होल्टची वीज आपल्या रोहित्रात उतरवून घेते. तलासरीच्या पाड्यावर दिवा लागतो, तोही खांबावरच्या डीपीच्या कृपेने. या प्रत्येक गाभ्यात सिलिकॉन राखण करीत असते. तेथे वाया गेलेल्या प्रत्येक युनिटासाठी कुठे तरी जास्त कोळसा जळतो आणि तो धूर कोणाच्या तरी दारावरून जातो.

डीपीची ती गुणगुण मुलांना दुरूनच ऐकवा. चुंबकत्व पालटताना गाभ्याचे पत्रे सेकंदाला शंभर वेळा किंचित ताणतात, त्याचा तो आवाज. आणि घरी परतल्यावर रिकाम्या खोलीतला दिवा मालवायला सांगा. सिलिकॉनची काटकसर घराच्या दाराशीच संपते, पुढची आपण करायची असते.