त्याच कायद्यातले दोन शब्द

३ ऑक्टोबर १९६५ ही तारीख तुम्ही मंडळाच्या एखाद्या भाषणात ऐकलेली असेल. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. तो गेला, आणि पुण्या-मुंबई-नागपूरचे डॉक्टर, इंजिनिअर इथे येऊ लागले. तुम्ही स्वतः नाही, तर तुमचे आईवडील किंवा सासूसासरे याच कायद्याने इथे आले असतील.

भाषणात न येणारी गोष्ट अशी, की याच कायद्याने प्रवेश कोणाला नाकारायचा त्या यादीत दोन नवे शब्द घातले: ‘सेक्शुअल डेव्हिएशन’. मराठीत सांगायचं तर लैंगिक विकृती. रोख होता समलिंगी माणसांवर. १९५२ च्या कायद्यात त्यांच्यासाठी ‘सायकोपॅथिक पर्सनॅलिटी’ असा मोघम शब्द होता. तो फार संदिग्ध आहे असं एका अपील कोर्टाने म्हटलं, तेव्हा काँग्रेसने पळवाट बुजवली. ज्या दारातून आपण आत आलो त्याच दाराला ही कडी होती. आपल्यातलाच एखादा तरुण तेव्हा मुंबईच्या कॉन्सुलेटबाहेर रांगेत उभा असेल, तर त्याने काय केलं असेल? गप्प राहिला असेल. बहुतेक जण गप्पच राहिले.

हे शब्द कायद्यात आले ते वैद्यकातून. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली मनोविकारांची पहिली अधिकृत सूची काढली. तिच्यात समलैंगिकता होती, आणि १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती राहिली. फ्रॉइडचं मत याहून सौम्य होतं. १९३५ साली एका अमेरिकन आईला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं होतं की यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि याला आजार म्हणता येणार नाही. पण त्याच्या अमेरिकेतल्या अनुयायांनी उलटी वाट धरली. तुमच्या लक्षात आलं असेल, गुरूचं ऐकतात ते शिष्य वेगळेच असतात.

मग आजार आहे याला पुरावा काय होता? डॉक्टरांनी पाहिलेली समलिंगी माणसं म्हणजे त्यांच्याकडे उपचाराला आलेली किंवा तुरुंगात असलेली. दवाखान्यात बसून गावाची तब्येत ठरवावी, तसं ते होतं. ही चूक एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पकडली. त्या लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये शिकवत. सॅम फ्रॉम नावाच्या त्यांच्या एका विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली, आणि त्याने एक दिवस त्यांना सांगितलं: आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे तुमचं कामच आहे. सरकारी नोकरीतून समलिंगी माणसांना हुडकून काढून टाकण्याचे ते दिवस. तरी बाईंना सरकारी संशोधननिधी मिळाला. मुलाखतींना येणाऱ्यांना कोणी पाहू नये म्हणून त्या घराच्या बागेतल्या आपल्या अभ्यासिकेत काम करत.

त्यांची पद्धत साधी होती, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक पाहून त्यांच्या जोड्या लावल्या. कोणीही मानसोपचार घेत नव्हतं. सर्वांच्या चाचण्या झाल्या. त्यांतली एक शाईच्या डागांची, रोर्शाकची, तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिली असेल. मग नावगाव काढून हे कागद त्या क्षेत्रातल्या नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवले. ब्रूनो क्लॉप्फर हे रोर्शाक चाचणीतलं मोठं नाव, तेही त्यांत होते. यातले समलिंगी कोण ते ओळखा, असं सांगितलं. त्यांना ओळखता आलं नाही. नाणं उडवून जेवढं बरोबर येईल, तेवढंच त्यांचं बरोबर आलं. दोन्ही गटांतली मानसिक स्वास्थ्याची पातळीही सारखीच निघाली. हा निबंध १९५७ साली छापून आला. ३० माणसं म्हणजे काही फार नाहीत, आणि सगळे पुरुष. पण समलैंगिकता हाच आजार असता, तर तो त्या कागदांत दिसायला हवा होता.

निबंध छापून आला म्हणून कायदा हलत नाही. क्लाइव्ह बूटिलिए नावाचा एक कॅनेडियन तरुण १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आला. १९६३ साली त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि विचारल्यावर आपल्याबद्दल खरं ते सांगितलं. सरकारी डॉक्टरांनी त्यावरून ‘सायकोपॅथिक पर्सनॅलिटी’चा दाखला दिला. त्याच्या बाजूच्या मनोविकारतज्ज्ञांचं मत वेगळं होतं. २२ मे १९६७ रोजी सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की वैद्यकात या शब्दाचा अर्थ काय ते महत्त्वाचं नाही. काँग्रेसला समलिंगी माणसं बाहेर ठेवायची होती, तेवढं पुरे. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत देताना हा शब्दच फसवा आहे असं म्हटलं. बूटिलिएला देश सोडावा लागला.

हा वाद मराठी माणसाला नवा नव्हता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं कोलंबियात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि आधार घेतला हॅवलॉक एलिसच्या ग्रंथांचा. कर्वे हरले, दंड झाला २०० रुपये. आजही आपल्यापैकी बऱ्याच जणांना कर्वे म्हटलं की संततिनियमनच आठवतं, हे मला जरा अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेत सूची बदलली ती रेट्यामुळे. १९७० पासून समलिंगी कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनांत शिरून जाब विचारू लागले. १९७२ च्या मे महिन्यात डॅलसला फ्रँक कॅमेनी आणि बार्बरा गिटिंग्ज यांच्याबरोबर मंचावर एक माणूस बसला: चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर विग, ढगळ टक्सीडो, आवाज बदलणारा मायक्रोफोन. नाव ‘डॉ. एच. ॲनॉनिमस’. मी समलिंगी आहे आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, असं त्याने सभेला सांगितलं. ते होते फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रायर. याच कारणावरून त्यांची नोकरी आधी गेली होती. मुखवट्याआड आपणच होतो, हे त्यांनी १९९४ मध्ये उघड केलं.

१५ डिसेंबर १९७३ ला संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता सूचीतून काढली. नाराजांनी सभासदांचं मतदान मागितलं. १९७४ मध्ये ५,८५४ मतं निर्णयाच्या बाजूने पडली, ३,८१० विरोधात. विज्ञान मतदानाने ठरतं का, असा टोमणा तेव्हापासून ऐकू येतो. पण सूचीत नाव घातलं तेही एका समितीनेच. आणि तेव्हा हूकरबाईंसारखा पुरावा कोणी मागितला नव्हता.

आता इमिग्रेशनकडे परत या. १९७९ मध्ये सर्जन जनरल ज्युलियस रिचमंड यांनी सांगितलं की जो आजार नाही त्याचा दाखला आमचे डॉक्टर देणार नाहीत. मग खात्याने नवा नियम काढला: आपणहून कोणाला विचारायचं नाही, पण कोणी स्वतःहून स्पष्ट सांगितलं तर अडवायचं. ते दोन शब्द कायद्यातून गेले १९९० साली. म्हणजे सूची बदलल्यावरही १७ वर्षं ते होतेच. पुढे २६ जून २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर समलिंगी जोडीदारासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येऊ लागला. तिकडे भारतात कलम ३७७ चा अडसर ६ सप्टेंबर २०१८ ला निघाला.

आपल्या मंडळाच्या सदस्यत्वाच्या फॉर्मवर मात्र अजून ‘पतीचे नाव’ आणि ‘पत्नीचे नाव’ असेच दोन रकाने आहेत. नव्या वर्षाचे फॉर्म जानेवारीत छापायला जातात.