वाचायची खिडकी, लिहायची खिडकी

फळ्यावरची चूक दिसते तिथेच पुसता येते. पाठ्यपुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. वेबची पाने आज बहुधा पुस्तकासारखी वागतात. सुरुवातीला ती फळ्यासारखी होती.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचायची आणि बदलायची खिडकी एकच होती. मजकुरात कर्सर ठेवायचा आणि टंकायला लागायचे. (बदल साठवता येत ते मात्र हाताशी असलेल्या फायलींतच.) पण नेक्स्ट होते किती जणांकडे? म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्या टर्मिनलवरही चालेल असा ब्राउझर तयार केला. तो फक्त पान दाखवी. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या मोझेकमध्येही पान बदलण्याची सोय नव्हती, आणि सर्वसामान्यांना वेबची ओळख झाली ती मोझेकमुळे. वाचक आणि लेखक असे वेगळे झाले. कोणी ठरवून केले नाही.

पुढे लेखकासाठी स्वतंत्र दालन आले. २००३ साली आलेल्या वर्डप्रेसमध्ये पासवर्ड देऊन मागच्या दाराने आत शिरायचे, रकाने भरायचे, मग पुढे येऊन पान कसे दिसते ते पाहायचे. यामागे कारण आहे. अशा ठिकाणी दिसणारे पान अखंड साठवलेले नसतेच. शीर्षक, मजकूर, तारीख डेटाबेसमधून उचलून साच्यात बसवली जातात. तेच शीर्षक पहिल्या पानावर आणि यादीतही उमटते. ते एका जागी खोडले तर बदलायचे काय, मूळ नोंद की तेवढे एकच पान? दालनातल्या रकान्यापुढे हा पेच येत नाही.

सुरक्षिततेचे कारणही सांगतात. ते मला अर्धेच पटते. कोणी लिहायचे आणि कुठे लिहायचे, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पासवर्ड पानावरही मागता येतो. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीत तर मार्च १९९५ पासून पान बदलण्याचा दुवा पानावरच होता, तोही सर्वांसाठी. २००१ चा विकिपीडिया त्याच वाटेने गेला आणि मराठी विकिपीडियाही. वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये लिहायची जागा बरीचशी पानासारखी दिसेल अशी केली. दालन मात्र ठेवले.