डावीकडे स्टिअरिंग असलेल्या विलायती लॉऱ्या

स्मरणिकेसाठी लेख पाठव असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असं आधी वाटलं. पण डबा, मैदान, छड्या आणि गॅदरिंग यांवर आपल्यातले बरेच जण माझ्यापेक्षा छान लिहितील. मी शाळेतून बरोबर आणलेल्या एका शब्दाबद्दल लिहिते. आपले इतिहासाचे सर वह्यांच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहायचे : 'कशावरून?' उत्तर बरोबर असलं तरी हा शब्द असायचाच. तेव्हा राग यायचा. पुढे इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये आले आणि रोज तोच प्रश्न दुसऱ्यांना विचारू लागले.

गेली काही वर्षं मी एका जगावेगळ्या छंदाबद्दल मिळेल ते वाचते आहे. ब्रिटनमध्ये जुन्या लॉऱ्या जपणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींना ध्यास आहे तो एकाच प्रकारच्या लॉऱ्यांचा. ब्रिटनमध्ये बनलेल्या, पण परदेशासाठी स्टिअरिंग डावीकडे बसवलेल्या. अशा लॉऱ्या मुळात थोड्या बनल्या आणि त्यातल्या फारच थोड्या उरल्या. त्या शोधून काढणं हे सरांच्या त्या शब्दाचंच काम आहे.

आधी पार्श्वभूमी. ब्रिटन आणि त्याच्या बहुतेक वसाहती रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. युरोपचा बहुतांश भाग आणि दक्षिण अमेरिका याच्या उलट. हा फरक किती चिवट असतो ते आपल्या शेजारी गोव्यात दिसतं. पोर्तुगालने १९२८ साली बाजू बदलून उजवी धरली, पण पोर्तुगीज गोव्याच्या सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता, म्हणून गोवा डावीकडेच राहिला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा रस्त्याची बाजू बदलावी लागली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जबाजारी होता. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना पोलादाच्या वाटपात झुकतं माप मिळे. त्यामुळे लेलँड, एईसी, गाय, फोडेन अशा कंपन्या जगभर गिऱ्हाईक शोधू लागल्या. ('गाय' हे संस्थापकाचं आडनाव, गोमातेशी संबंध नाही!) एईसीच्या गाड्या दक्षिण अमेरिकेत 'एक्लो' या वेगळ्या नावाने विकल्या जात. आपल्याकडे घाटांत राबलेला लेलँड कॉमेटही याच निर्यातीच्या लाटेतला. आपल्याला तो उजव्या स्टिअरिंगचा मिळाला, इतकंच. पुढे नायजेरियाने १९७२ मध्ये आणि घानाने १९७४ मध्ये रस्त्याची बाजू बदलली, तेव्हा उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या बाजारपेठाही डावं स्टिअरिंग मागू लागल्या.

स्टिअरिंग एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेणं म्हणजे चाक उचलून पलीकडे लावणं नव्हे. स्टिअरिंग बॉक्स, चाकांपर्यंत जाणारे दांडे, क्लच आणि ब्रेकची जोडणी, गिअरचा दांडा, हँडब्रेक, डॅशबोर्ड, वायपर, दिव्यांचा झोत हे सगळं बदलतं. इंजिनाच्या एका बाजूला तापलेला एक्झॉस्ट, दुसरीकडे इंधनाचा पंप. स्टिअरिंग बॉक्सला जागा करायची तर यांतलं काहीतरी आड येतंच. आमच्या भाषेत सांगायचं तर एका गिऱ्हाइकासाठी वेगळी आवृत्ती काढली की ती पुढची अनेक वर्षं सांभाळावी लागते. गाड्या कमी विकल्या गेल्या तर हा खर्च निघत नाही. या लॉऱ्या दुर्मीळ राहण्याचं पहिलं कारण हेच.

यातलं एक उदाहरण मला विशेष आवडतं. एडविन रिचर्ड फोडेन यांनी घराण्याच्या कंपनीतून बाहेर पडून १९३३ मध्ये चेशरमधल्या सँडबॅच गावी आपल्या आद्याक्षरांवरून 'ईआरएफ' सुरू केली. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याच वर्षी ईआरएफने युरोपसाठी डाव्या स्टिअरिंगची एक अवजड लॉरी काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये मालासकट लॉरीच्या वजनाची मर्यादा ३२ टन होती आणि १८० हॉर्सपॉवरच्या गार्डनर इंजिनावर अनेक मालक खूश असत. युरोपात ३८ टनांपर्यंत माल ओढायचा, आल्प्स चढायचा. म्हणून या लॉरीत कमिन्सचं ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि फुलरचा गिअरबॉक्स आला. ईआरएफची नेहमीची केबिन फायबरग्लासची. हिची मात्र पोलादी, कॉव्हेंट्रीच्या मोटर पॅनल्स कंपनीने बनवलेली.

त्याच सुमाराला मध्यपूर्वेचा मार्ग गजबजला होता. १९६४ मध्ये दोघांनी गाय कंपनीच्या लॉरीतून इंग्लंडहून थेट काबूलपर्यंत माल नेला होता. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, अरब देशांत पैसा आला, बंदरांत जहाजं खोळंबली आणि रस्त्याने माल नेणं परवडू लागलं. युरोप, इस्तंबूल, पूर्व तुर्कस्तानातले बर्फाळ घाट आणि पुढे सौदीतल्या तेलवाहिनीच्या कडेचा सरळसोट रस्ता. या वाटेवर ब्रिटिश ड्रायव्हरलाही डावं स्टिअरिंग हवं असे. का, ते आपल्या कसारा घाटावरून कळेल. तिथे डाव्या स्टिअरिंगचा ट्रक चालवतो आहोत असं समजा. पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते दिसण्यासाठी निम्मा ट्रक रस्त्याच्या मध्यावर काढावा लागेल, नाहीतर क्लीनरच्या आवाजावर जीव सोपवावा लागेल.

डाव्या स्टिअरिंगची ही ईआरएफ काही वर्षंच बनली. ज्या लॉऱ्या विकल्या गेल्या त्या वाळवंटात आणि घाटांत मरेस्तोवर राबल्या. काहींची इंजिनं दुसऱ्या गाड्यांत गेली आणि सांगाडे भंगारात. काही ब्रिटनमध्ये परतल्या आणि त्यांचं स्टिअरिंग पुन्हा उजवीकडे आलं.

आता शोध कसा घ्यायचा? हौशी लोक सुरुवात करतात ती जुन्या फोटोंपासून, आणि तिथेच पहिला सापळा असतो. निगेटिव्ह उलटी छापली तर उजवं स्टिअरिंग डावं दिसतं. म्हणून आधी नंबरप्लेट आणि दारावरची अक्षरं सुलटी आहेत का ते पाहायचं. दुसरा सापळा केबिनचा. मोटर पॅनल्स इतर कंपन्यांनाही केबिन पुरवत असे, त्यामुळे धुळीने माखलेली स्कॅमेल क्रुसेडर लांबून ईआरएफ वाटू शकते. तिसरा सापळा आपल्या समजुतीचा. डावं स्टिअरिंग म्हणजे गाडी निर्यात झालेलीच, असं नाही. ब्रिटनमधल्या वाहतूकदारांनीही लांबच्या फेऱ्यांसाठी अशा गाड्या घेतल्या. आणि उजवं स्टिअरिंग म्हणजे ब्रिटनसाठीच, असंही नाही. इटली रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तरी तिथल्या अवजड लॉऱ्यांना कित्येक दशकं स्टिअरिंगही उजवीकडेच असे, डोंगरातल्या रस्त्याची कड ड्रायव्हरला दिसावी म्हणून.

म्हणून मग कागद. चासीवरच्या पट्टीवर नंबर असतो आणि मॉडेलची सांकेतिक अक्षरंही असतात. एईसीच्या मर्क्युरी लॉरीचं सांकेतिक नाव 'जीएम४आरए'. त्यातला 'आर' म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. तिथे 'एल' असेल तर डावीकडे. एका अक्षरावर सगळा निकाल! हा नंबर कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहतात. लँकेशरमधल्या लेलँड गावी व्यापारी वाहनांचं संग्रहालय आहे. तिथे लेलँड, एईसी, गाय, स्कॅमेल अशा कंपन्यांच्या नोंदी जपल्या आहेत. कागद जुळला की लोखंड पाहायचं. बुजवलेली भोकं, नंतर वेल्ड केलेला तुकडा, दुसऱ्या बाजूच्या स्टिअरिंग बॉक्ससाठी चासीवर राहिलेली खूण. शेवटी जुन्या ड्रायव्हरची साक्ष. तीही ताडून घ्यायची, कारण आठवण गोष्ट रंगवते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. ब्रिटनच्या लॉरी-उद्योगाबद्दल एक सोपं वाक्य नेहमी ऐकू येतं : ते लोक आळशी होते, जगाला काय हवं ते त्यांनी पाहिलंच नाही, म्हणून स्वीडनच्या व्होल्वो आणि स्कॅनिया पुढे गेल्या. एईसीचा साउथॉलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, स्कॅमेलचा वॉटफर्डचा १९८८ मध्ये. ईआरएफचं नावही २००७ मध्ये संपलं. निकाल समोर असला की कारण सोपं वाटतं. पण सँडबॅचच्या त्या लॉरीत युरोपला हवं होतं ते बरंचसं होतं : जोरदार इंजिन, पोलादी केबिन, योग्य बाजूचं स्टिअरिंग. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, प्रयत्नही केला होता. तो थोड्या गाड्यांपुरता राहिला, आणि गाडी परक्या देशात बंद पडली तर सुटे भाग आणि मेकॅनिक देणारं जाळं स्वीडिश कंपन्यांनी जितकं विणलं तितकं त्यांना विणता आलं नाही. 'प्रयत्न केला नाही' आणि 'प्रयत्न पुरला नाही' यांत फरक आहे. तो फरक दाखवणारा पुरावा म्हणजे या उरल्यासुरल्या लॉऱ्या. शेवटचीही भंगारात गेली आणि नोंदवही कुजली, तर सोपं वाक्यच इतिहास होऊन बसेल. त्या कारखान्यांत राबलेल्या माणसांवर तो अन्याय होईल.

आपलं संमेलन ठरलं तेव्हा जुन्या हजेरीपटावरून एकेकाचा शोध सुरू झाला. आडनावं बदललेली, पत्ते जुने, 'तो तर परदेशात आहे' अशा ऐकीव बातम्या. बऱ्याच बातम्या चुकीच्या निघाल्या आणि माणसं जवळच सापडली. तेव्हा मला या लॉरीवाल्यांचीच आठवण झाली.

सर, हा लेख तपासायला तुमच्याकडेच येणार हे ठाऊक आहे. या वेळी 'कशावरून' ते आधीच लिहिलं आहे. तरीही कुठे राहिलं असेल तर लाल शाई चालेल.