कुंपण शेत खातं तेव्हा

कर्करोगावर केमोखेरीज आता इम्युनोथेरपी नावाचं औषधही सलाईनमधून देतात. यातली काही औषधं गाठीला थेट मारत नाहीत, आपल्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावतात. त्यांचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे राखणदार असतात. त्यांनी घरच्याच माणसावर काठी उगारू नये म्हणून शरीर त्यांना ब्रेक लावतं. कर्करोग हाच ब्रेक दाबून धरतो आणि राखणदारांच्या तावडीतून सुटतो. जपानचे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली असा एक ब्रेक सापडला. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली दुसरा ब्रेक सोडवून उंदरांच्या गाठी घालवून दाखवल्या. २०११ साली अमेरिकेत असं पहिलं औषध मंजूर झालं. २०१८ साली या दोघांना नोबेल मिळालं.

पण ब्रेक सुटला की कधी कधी कुंपणच शेत खातं. २०१६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिकत छापली. दोघांनाही त्वचेचा कर्करोग होता आणि अशी दोन औषधं एकत्र दिली होती. पहिल्या डोसानंतर दोनेक आठवड्यांतच हृदयाला सूज आली आणि दोघंही दगावले. त्यांच्या हृदयाच्या स्नायूत टी-पेशी घुसलेल्या आढळल्या.

मग औषध कंपनीच्या नोंदी तपासल्या. २०,५९४ रुग्णांत अशी गंभीर सूज १८ जणांना आली होती, म्हणजे हजारात एकालाही नाही. दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. २०१८ साली जगभरातल्या १०१ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्यातले ४६ दगावल्याचं दिसलं. म्हणजे ही सूज येते क्वचित, पण आली तर जीवावर बेतते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या कर्करोगावर यातलंच एक औषध अगदी कमी मात्रेत देऊन रुग्णांचं आयुष्य वाढतं, हे दाखवलं आहे. तेव्हा भिऊन उपचार सोडू नका. मात्र औषध सुरू असताना छातीत दुखलं, दम लागला, धडधडलं, पाय सुजले किंवा एकदम गळून गेल्यासारखं झालं, तर "अशक्तपणा असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि इम्युनोथेरपी चालू आहे हे आधी सांगा. ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनच्या तपासणीतून अंदाज येतो. डॉक्टर ते औषध थांबवून स्टिरॉइड देतात. तिथे एकेक तास मोलाचा असतो.