कोंबडीचे हाताला चोच मारणे

पाळीव कोंबडीने (शास्त्रीय नाव: गॅलस गॅलस डोमेस्टिकस) पाळणाऱ्याच्या हातावर, बोटांवर किंवा पायांवर चोचीने आघात करणे हे परसातील कुक्कुटपालनात वारंवार आढळणारे वर्तन आहे. अशी कोंबडी सहसा ‘मारकी’ ठरवली जाते आणि पुष्कळदा विकली वा कापली जाते. प्रत्यक्षात या वर्तनामागे कुतूहल, अन्नाची अपेक्षा, खुडूकपणा, भीती, वेदना किंवा वर्चस्वाची स्पर्धा यांपैकी कोणतेही कारण असू शकते. कारणानुसार उपाय बदलत असल्यामुळे प्रथम कारण ओळखणे आवश्यक ठरते.

चोच आणि दृष्टी

कोंबडीस वस्तू हाताळण्यासाठी हात नसल्याने चोच हेच तिचे अन्न टिपण्याचे, वस्तू तपासण्याचे, पिसे साफ करण्याचे आणि स्वसंरक्षणाचे साधन असते. चोच वरून कठीण दिसत असली तरी तिच्या टोकाशी स्पर्श व वेदना जाणणाऱ्या चेतातंतूंचे दाट जाळे असते. अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात पिल्लू जमिनीवरील लहान, ठळक ठिपक्यांना टोचू लागते. खाण्याजोगे काय आणि न खाण्याजोगे काय, हे ते या टोचण्यातूनच शिकते.

कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. तिला रंगांचे ज्ञान उत्तम असून मानवास न दिसणारा अतिनील प्रकाशाचा काही भागही दिसतो. त्यामुळे अंगठी, बांगडी, चकाकणारे बटण, नखांवरील रंग, तीळ किंवा खपली यांकडे ती सहज आकृष्ट होते.

कारणे

शोधक टोच: ही टोच हलकी असते. कोंबडी मान पुढे करून वस्तू न्याहाळते, एकदा-दोनदा टोचते आणि सोडून देते. पिल्ले व तलंगांमध्ये हे प्रमाण अधिक असते.

अन्नाची अपेक्षा: हातातून दाणे खाण्याची सवय लागलेल्या कोंबडीस हात आणि खाद्य यांचा संबंध पक्का ठाऊक होतो. रिकामा हात दिसला तरी ती टोचते. टोचल्यावर दाणे मिळाले, तर ही सवय अधिक दृढ होते. प्राण्यांना प्रदर्शनासाठी शिकवणारे अमेरिकेतील केलर व मेरियन ब्रेलंड यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असे नोंदवले की, अन्नाचे बक्षीस देऊन कोंबड्यांना एखादी कृती शिकवली, तरी कालांतराने टोचणे व जमीन उकरणे यांसारख्या उपजत अन्नशोधक क्रिया त्या कृतीत शिरतात.

खुडूकपणा: अंडी उबवण्यास बसलेल्या कोंबडीस खुडूक कोंबडी म्हणतात. या काळात तिच्या शरीरातील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते. हात जवळ येताच ती पिसे फुलवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि जोराने चोच मारते. अंडी उबण्यास सुमारे २१ दिवस लागतात. पिल्ले निघाल्यानंतरही काही आठवडे तिची आक्रमकता टिकते.

भीती व वेदना: घार, ससाणा यांसारखे शिकारी पक्षी वरून झडप घालतात. त्यामुळे डोक्यावरून अचानक येणारा हात कोंबडीस धोक्याचा वाटतो. कोपऱ्यात अडकलेली, जखमी किंवा उवा-गोचिडांनी त्रस्त झालेली कोंबडीही पकडताना चोच मारते.

वर्चस्व: नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ थॉरलीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या कळपातील श्रेणीव्यवस्थेचे वर्णन १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. वरच्या श्रेणीतील कोंबडी खालच्या श्रेणीतील कोंबडीस टोचते, परंतु उलट टोच सहसा मिळत नाही. यालाच टोच-क्रम असे म्हणतात. माणसांत वाढलेला पक्षी पाळणाऱ्यालाही या क्रमात ओढू शकतो. हा प्रकार कोंबड्यात अधिक आढळतो. मानेची पिसे उभारणे, एक पंख खाली पाडून तिरके चालणे आणि नंतर झेप घेणे ही त्याची लक्षणे होत.

उपाय

हातातून खाद्य देणे काही काळ बंद करून ते पसरट भांड्यात द्यावे किंवा जमिनीवर विखरावे. पक्ष्यास माणसाळवण्यासाठी हातातून दाणे द्यावयाचे असल्यास ते बोटांच्या चिमटीत न धरता सपाट तळहातावर ठेवावेत आणि टोच बसताच मूठ मिटावी. कोंबडी शांत उभी राहिल्यावरच पुन्हा तळहात उघडावा. हा नियम घरातील सर्वांनी पाळला नाही, तर सवय सुटत नाही.

कोंबडीजवळ जाताना अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि लांब बाह्यांचे कपडे घालावेत. हात वरून न नेता बाजूने व खालच्या पातळीवरून सावकाश न्यावा. उचलताना दोन्ही पंख अंगाशी धरून छातीखाली आधार द्यावा. अंधारात कोंबडीस फारसे दिसत नसल्याने औषधोपचार किंवा तपासणी सायंकाळी खुराड्यात केल्यास ती कमी प्रतिकार करते.

खुडूक कोंबडी दाणापाण्यासाठी उठते, तेव्हा अंडी काढावीत. अन्यथा जाड हातमोजा वापरावा. पिल्ले नको असल्यास तिला तळाशी जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह काही दिवस ठेवतात. खालून लागणाऱ्या हवेमुळे पोट थंड राहून खुडूक मोडण्यास मदत होते. काही ठिकाणी तिला थंड पाण्यात बुडवण्याची प्रथा आहे. तथापि त्यामुळे पक्ष्यास मोठा ताण येतो.

गर्दी, कंटाळा आणि प्रथिनांची कमतरता यांमुळे टोचण्याची प्रवृत्ती बळावते. पुरेशी जागा, उकरण्यासाठी भाताचे तूस किंवा पालापाचोळा, धूळस्नानासाठी कोरडी माती, टांगलेली पालेभाजी आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी सुमारे १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले खाद्य यांचा उपयोग होतो.

टाळावयाच्या गोष्टी

टोच बसताच हात झटकणे किंवा ओरडणे टाळावे. त्यामुळे घाबरलेली कोंबडी अधिक बिथरते आणि वर्चस्वासाठी झगडणाऱ्या कोंबड्यास आव्हान मिळाल्यासारखे होते. मारणे किंवा लाथाडणे यांमुळे भीती वाढते व इजा होते. हातास मिरची चोळण्याचा उपाय निरुपयोगी आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या घटकामुळे जाणवतो, आणि सस्तन प्राण्यांप्रमाणे पक्ष्यांना तो जाणवत नाही.

व्यावसायिक कुक्कुटपालनात कोंबड्यांनी परस्परांना टोचू नये म्हणून चोचीचे टोक छाटण्याची पद्धत आहे. या छाटणीने वेदना होतात आणि खाणे व पिसे साफ करणे यांतही अडथळा येऊ शकतो. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांत ही पद्धत बंद करण्यात आली आहे. घरगुती पक्ष्याच्या हाताला टोचण्यावर हा उपाय योग्य मानला जात नाही.

जखम आणि आरोग्य

बहुतेक टोचांनी केवळ लाल वळ उठतो. कातडी फाटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने कोंबडीच्या टोचेमुळे तो होत नाही. डोळ्यास झालेली इजा मात्र गंभीर ठरू शकते. म्हणून कोंबडी चेहऱ्याजवळ धरू नये, तसेच लहान मुलांना कोंबड्यांजवळ एकटे सोडू नये.

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू असू शकतात. त्यामुळे प्रत्येक हाताळणीनंतर हात धुणे आवश्यक आहे. भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागास कळवावे. एरवी शांत असलेली कोंबडी एकाएकी चोच मारू लागल्यास तिच्या अंगावर जखम, परजीवी किंवा अंडे अडकल्याची लक्षणे आहेत का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

हेही पाहा

कुक्कुटपालन
रानकोंबडा
टोच-क्रम
बर्ड फ्लू