दिवा विझवण्याआधी

ईदच्या चार दिवस आधी आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्रेक पॅडचा दिवा लागला. कोल्हापुरातून आंबा घाट उतरून रत्नागिरीला आजोळी जायचे होते. सोबत अम्मी, बायको आणि दोन मुले. नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. उस्तादांनी आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, हँडब्रेक पूर्ण सुटतो का ते पाहिले. मग गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक उतरवले. पॅडवर सात-आठ मिलिमीटर माल शिल्लक होता. तीनच्या आसपास आला की पॅड बदलायचे असतात.

"सर, पॅड ठणठणीत आहेत. दिवा खोटा आहे," उस्ताद म्हणाले. "सेन्सरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकतो. पाच मिनिटांत विझेल."

मी हो म्हणणारच होतो. सहज विचारले, "मग उद्या पॅड खरोखर झिजले तर?"

उस्ताद प्रामाणिक माणूस. म्हणाले, "मग दिवा लागणार नाही. कधीच."

मी म्हटले, उद्या येतो. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्या रात्री मला डोळ्यांपुढे ब्रेकचाच इतिहास दिसत होता.

आधी हा दिवा लागतो कसा ते पाहू. पॅडमध्ये ठरावीक खोलीवर एक तार पुरलेली असते. काही गाड्यांत ही तार एकेरी असते. पॅड झिजला की तिचे उघडे टोक फिरत्या डिस्कला टेकते, वीज वाहते आणि दिवा लागतो. पण ही तार मध्येच कुठे तुटली, तर पॅड पूर्ण संपला तरी दिवा गप्प राहतो. दुसऱ्या प्रकारात तारेचा फास असतो आणि त्यातून सतत थोडी वीज वाहत असते. पॅड झिजला की डिस्क तो फास कापते, वीज थांबते आणि दिवा लागतो. इथे तार उंदराने कुरतडली, कपलर गंजला, तरी दिवा लागतोच. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारची. म्हणजे ज्या रचनेला आम्ही खोटारडी म्हणत होतो, तिला तशीच मुद्दाम बनवले होते. बिघाड कुठलाही असो, तिने ओरडायचे.

ही अक्कल माणसाला मोटारीच्या आधी, रेल्वेत आली. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 च्या सुमारास रुळांतूनच वीज खेळवून गाडीची चाहूल घेण्याचा प्रयोग केला. पहिल्या रचनेत गाडी आली की वीज वाहायची. त्यांच्याच लक्षात आले की तार तुटली तर रूळ मोकळा असल्याचा भास होईल. मग त्यांनी रचना उलटी केली. रूळ मोकळा असेल तोवर वीज वाहणार. गाडी आली किंवा तार तुटली, तर सिग्नल धोक्यावर. 1872 साली त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी आपल्या हवेच्या ब्रेकचे तत्त्व असेच उलटे केले. 1869 च्या त्यांच्या ब्रेकमध्ये हवा सोडली की ब्रेक लागायचा, त्यामुळे नळी फुटली की ब्रेकच गेला. नव्या रचनेत नळीत हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला. नळी फुटली की ब्रेक आपोआप लागणार.

तत्त्व सापडले म्हणून ते लगेच लागू होते असे नाही. आपोआप लागणारे ब्रेक खर्चाचे होते, आणि कारण नसताना लागून गाडी अडवतात अशी कुरकुरही होती. ब्रिटनमध्ये रेल्वे निरीक्षक वर्षानुवर्षे आग्रह धरत होते, कंपन्या टाळत होत्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्मा शहरातून एक सहलीची गाडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. आत मुले, शिक्षक, आईवडील. 15 डब्यांची गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी ती तोडून पुढचे पाच डबे आधी वर न्यायचे ठरवले. त्या गाडीचा व्हॅक्युम ब्रेक साध्या जातीचा होता, इंजिनापासून वेगळे होताच निकामी होणारा. मागचे 10 डबे शेवटच्या डब्याच्या हँडब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग किंचित मागे सरकला, धक्का लागला, दगड निसटले आणि डबे उताराने सुटून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे गेली. त्यांत लहान मुले बरीच होती. ऑगस्ट संपण्याआधी संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. निरीक्षकांच्या अहवालांनी जे झाले नव्हते, ते त्या मुलांच्या कबरींनी केले.

उलट चूकही इतिहासात नोंदली आहे. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला होता, कारण तो झडप पाहत नव्हता. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला की नाही एवढेच सांगत होता. कर्मचाऱ्यांनी विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणात वितळला.

खोटा इशारा चिडवतो, पण गाडी उभी करून बघायला लावतो. खोटी शांतता काहीच बघू देत नाही. आणि वायरी जोडून मी पदरमोड न करता नेमकी तीच शांतता विकत घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना म्हटले, "वायरी जोडा, पण फक्त तपासणीपुरत्या." ते हसले. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर कपलरमधून काढून गाडीकडच्या बाजूला वायरचा छोटा तुकडा लावला. दिवा विझला, तर दोष सेन्सरमध्ये. तसाच राहिला, तर पुढच्या वायरिंगमध्ये. दिवा विझला नाही. म्हणजे नवा सेन्सर घातला असता तर पैसे वाया गेले असते. मल्टिमीटर लावून उस्ताद वायरीवरून इंच इंच मागे गेले. चाकामागच्या क्लिपमधून सुटलेली वायर स्टीअरिंग वळवताना घासून घासून आतून तुटली होती. वरचे वेष्टन जवळपास शाबूत, म्हणून नजरेला काहीच दिसत नव्हते.

तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली, क्लिप बसवली. तासभर लागला. मजुरी साडेतीनशे रुपये. उस्ताद म्हणाले, "सर, दहातले आठ जण वायर जोडूनच द्या म्हणतात. गाडी विकतानाही सांगत नाहीत."

हे ऐकून मी जरा थांबलो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तो न लागणारा दिवा काय सांगणार? ते बिचारे रोज तो विझलेला पाहून निश्चिंत असतील.

ईदच्या आदल्या दिवशी आंबा घाट उतरलो. धुके होते, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू. दिवा विझलेला होता. तरीही रत्नागिरीत पोचल्यावर मी वाकून चाकाच्या फटीतून पॅड पाहिले. अम्मी म्हणाली, "अरे, आता कशाला बघतोस? दिवा तर गेला ना?"

"म्हणूनच बघतोय," मी म्हटले.